जुन्या पेटीचे सूर साफ करताना: आधी हवा, मग धूळ, कानस सगळ्यात शेवटी

माळ्यावरून उतरवलेली किंवा देवळात वर्षानुवर्षं वाजलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, उघडली, की बहुतेक जण थेट रीडवर, म्हणजे हवेनं सूर देणाऱ्या आतल्या पितळी तुकड्यांवर, तुटून पडतात. कुणी भांडी घासायची पावडर आणतो, कुणी पॉलिश पेपर, कुणी मोबाइलवर ट्यूनर (सूर मोजणारं अॅप) लावून लगेच रीडची जीभ, म्हणजे तिची थरथरणारी पाती, घासायला बसतो. मग चार सूर बिघडलेले असतात त्यांचे चौदा होतात.

रीडच्या जिभेच्या टोकावर धूळ आणि तेलकट मळ बसला की टोक जड होतं आणि सूर उतरतो. मळ निघाला की तोच सूर काही न करता परत चढतो. मळ असतानाच कानस चालवून सूर चढवलात, तर साफ केल्यावर तो जास्तच वर जाऊन बसतो, आणि कानसेनं उडवलेलं पितळ काही परत येत नाही. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. मधली एखादी पायरी तुमच्या पेटीला लागू नसेल तर सोडा, पण पुढची आधी करू नका.

हे सगळं साध्या हातपेटीसाठी आहे: पितळी रीड, दोन स्क्रूंनी लाकडी रीडबोर्डवर आवळलेली. अकॉर्डियनची रीड पोलादी असते, मेणात बसवलेली असते, शिवाय तिच्यावर चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या झडपा असतात. ही पद्धत तिथं वापरू नका.

१. वेळ आणि जागा

पावसाळ्यात हे काम काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, पट्ट्या अडकतात, आणि आषाढात घट्ट केलेला स्क्रू मार्गशीर्षात सैल होतो. कोकणात तर दिवाळी उलटून हवा कोरडी होईपर्यंत थांबलेलंच बरं.

टेबलावर फिकट रंगाची जुनी चादर अंथरा, म्हणजे खाली पडलेला स्क्रू दिसतो. पंखा बंद. तोंडाला मास्क लावा, कारण भजनी मंडळाच्या पेटीतून बुक्का, उदबत्तीची राख आणि झुरळांची घाण इतकी निघते की शिंकताना हातातली जीभ वाकू शकते.

हाताशी घ्यायच्या वस्तू: खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर, दोन मऊ ब्रश (एक रंगाचा बारीक, एक दाढीचा चालेल), कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा, टॉर्च, भिंग, चिमटा, आयसोप्रोपिल अल्कोहोल, पेन्सिलीचा खोडरबर, मास्किंग टेप आणि जुन्या एक्स-रे फिल्मच्या बोटभर लांब पट्ट्या. फिल्म पातळ आणि गुळगुळीत असते, जिभेखाली सरकवायला यासारखं दुसरं काही नाही. ब्लेड किंवा सुरीचं टोक अजिबात नको.

कानस आत्ता टेबलावर ठेवूच नका.

२. उघडण्यापूर्वी वही

पेटी बंद असतानाच प्रत्येक पट्टी वाजवून नोंद करायची. पेटीत एका पट्टीमागं दोन किंवा तीन रीड असतात: खर्ज, नर, मादी, म्हणजे खालच्या आवाजाकडून वरच्या आवाजाकडे. एका वेळी एकाच ओळीचा स्टॉपर (त्या ओळीची हवा चालू-बंद करणारी खुंटी) उघडा आणि खालून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबा. मग तो बंद करून दुसरा. दोन्ही उघडे ठेवून ऐकलंत तर दोष खर्जाचा की नराचा हे कळणार नाही, आणि चांगल्या रीडवर उगाच हात चालेल.

वहीत पट्टीचं नाव, ओळ आणि लक्षण लिहा. लक्षणं साधारण अशी असतात:

पट्टी न दाबताच सूर येतो: रीडचा दोष नाही. पट्टीखालची चामडी झडप नीट बसत नाही, किंवा स्प्रिंग मेली आहे, किंवा पट्टी शेजारणीला घासते.

झणझण, करकर: जिभेच्या कडेला कचरा अडकला आहे, जीभ बाजूला सरकून चौकटीला लागते आहे किंवा रीडचा स्क्रू सैल आहे.

फक्त हवेचा फुस्स आवाज: जिभेखाली काहीतरी अडकलं आहे, किंवा जीभ फार वर वा फार खाली बसली आहे.

सूर थोडा उतरलेला: बहुधा मळ.

सूर एकदम अर्ध्या सुराएवढा उतरलेला, आणि वाजवता वाजवता आणखी खाली जाणारा: जिभेला मुळाशी चीर गेली असण्याची शक्यता मोठी. ही रीड साफ करून सुधारणार नाही. तिच्यावर खूण करून ठेवा.

ट्यूनर वापरत असाल तर प्रत्येक सुराचा फरक सेंटमध्ये (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) लिहा. अॅपमध्ये काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ, पांढरी सहा म्हणजे ए असं दिसेल. या नोंदीवरून आत्ता काहीही करायचं नाही. तिचा उपयोग दहाव्या टप्प्यात आहे.

३. हवा गळते का?

बाहेरचा भाता मारून आतला भाता पूर्ण भरा. सगळे स्टॉपर बंद ठेवा आणि एकही पट्टी न दाबता तो किती वेळ धरून राहतो ते घड्याळावर मोजा. मग स्टॉपर उघडून तेच करा. स्टॉपर बंद असतानाही भाता भराभर बसत असेल तर गळती भात्यात आहे: घडीवर चिरलेलं कापड, कोपऱ्यातलं सुटलेलं चामडं, हवा आत घेणारी झडप. बंद असताना धरतो पण उघडल्यावर पटकन बसतो, तर गळती पट्ट्यांच्या झडपांतून किंवा रीडबोर्डच्या कडेनं आहे.

गळक्या पेटीत रीड कशीही साफ करा, हलक्या हवेला सूर उशिराच बोलणार. गळती आधी काढा. भात्याच्या कोपऱ्याला चामड्याचा पातळ तुकडा सरसानं चिकटवणं घरी जमतं. अख्खा भाता बदलायचा असेल तर पेटी कारागिराकडे द्या आणि रीडचं काम त्यानंतर हातात घ्या.

इशारा: गळती बंद करायला पेटीच्या आत सेलोटेप लावू नका. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो, धूळ धरतो, आणि ती धूळ पुन्हा रीडवर येते.

४. पेटी उघडणं

कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी यंत्रणा) असेल तर आधी बंद करा. स्केल चेंजर असेल तर तो मूळ जागी आणा आणि त्या जागी टेपनं खूण करा. खरं सांगायचं तर स्केल चेंजर पेटी ही पहिली पेटी म्हणून उघडू नये. तिचा पट्ट्यांचा साचा रीडबोर्डवरून सरकणारा असतो आणि जुळवणी केसभर चुकली तरी निम्म्या पट्ट्या बोलत नाहीत.

साध्या पेटीत वरचं झाकण आणि जाळी काढल्यावर रीडबोर्ड धरणारे हुक किंवा स्क्रू दिसतात. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. हुक सोडल्यावर रीडबोर्ड पट्ट्यांसकट एकत्र वर येतो. जुन्या पेटीत त्याच्या कडेचं चामडं लाकडाला चिकटलेलं असतं, अशा वेळी दोन्ही बाजूंना आळीपाळीनं थोडं थोडं उचला. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलंत तर चामडं फाटतं आणि मागच्या टप्प्यातली गळती तुम्हीच तयार करता.

बोर्ड उलटा करून दोन जाड पुस्तकांवर टेकवा, पट्ट्या अधांतरी राहू द्या, त्यांच्यावर वजन येता कामा नये. आता रीडच्या रांगा समोर दिसतील: पितळी प्लेट, तिच्यातली लांबट फट, आणि त्या फटीवर एका टोकाला रिव्हेटनं धरलेली जीभ.

तपासणी: काही सैल तुकडे खाली पडले का? पेटीच्या तळाशी टॉर्च मारा. कसर लागलेल्या फेल्टचा भुगा, जुना स्क्रू, कधी कधी कुंभारीण माशीचं मातीचं घर. हे सगळं आत्ताच काढा, नाहीतर पहिल्याच भात्याला ते रीडवर जाऊन बसेल.

५. जागेवरच कोरडी साफसफाई

या टप्प्यात बहुतेक पेट्यांचं निम्म्याहून जास्त काम होतं, आणि घाईही इथंच सर्वांत जास्त होते. रीड काढायच्या नाहीत. स्क्रूला हात लावायचा नाही.

ब्रश नेहमी रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडे न्या. उलट नेलात तर ब्रशचा केस जिभेखाली शिरतो आणि ती उचलली जाते. आडवा नेलात तर जीभ बाजूला ढकलली जाऊन फटीच्या कडेला लागायला लागते. एक हात, एक दिशा, एक रीड. मग रबरी फुग्यानं दोन फुंका.

कडेला धागा किंवा केस अडकलेला दिसला तर फिल्मची पट्टी मोकळ्या टोकाकडून जिभेखाली अलगद सरकवा आणि रिव्हेटच्या दिशेनं निम्म्यापर्यंतच न्या. जीभ पट्टीच्या जाडीएवढीच उचलली गेली पाहिजे. पट्टी तशीच सरळ बाहेर ओढली की कचरा तिच्यासोबत येतो. चिमट्यानं उपटू नका. चिमट्याचं टोक निसटून जिभेला लागलं तर बारीक बाक येतो, आणि बाक आलेली जीभ पूर्वीसारखी सरळ होत नाही.

व्हॅक्युम क्लीनर वापरायचाच असेल तर नळीच्या तोंडावर पातळ ओढणीचं कापड बांधा आणि वीतभर अंतरावरून वापरा. गॅरेजमधली कॉम्प्रेसरची हवा मात्र कधीही नको, बारीक तार सप्तकाच्या जिभा त्या झोतात सरळ वाकतात.

इशारा: तेल, गंज सोडवणारा स्प्रे, शिलाई मशिनचं तेल यांतलं काहीही रीडवर मारू नका. आज सूर मोकळा वाटेल, महिनाभरात त्या तेलावर पीठ चाळल्यासारखी धूळ बसेल.

आता रीडबोर्ड तात्पुरता जागेवर ठेवून हुक लावा आणि वहीतल्या सदोष सुरांवर पुन्हा जा. सुधारलेल्या नोंदी खोडा. पुढचे टप्पे फक्त उरलेल्यांसाठी आहेत. बाकीच्या रीड्सना यापुढे बोट लावायचं नाही, कितीही मळकट दिसत असल्या तरी. काळवंडलेलं पितळ हा दोष नव्हे. पितळेवरचा तो तपकिरी थर सुराला काही करत नाही.

६. हट्टी रीड काढणं

एका वेळी एकच रीड काढा. “सगळ्या काढून नीट साफ करू” या विचारानं पेटी महिनोन्‌महिने चादरीत बांधून पडलेली असते. शेजारच्या दोन रीड दिसायला सारख्या असतात आणि अदलाबदल झालेली चटकन लक्षात येत नाही, म्हणून टेपच्या तुकड्यावर पट्टी आणि ओळ लिहून प्लेटला लावा. कोणता स्क्रू कोणत्या भोकातला हेही सांभाळा.

स्क्रू फिरत नसेल तर जोर वाढवू नका, खाच मोडते. तापलेल्या सोल्डरिंग इस्त्रीचं टोक स्क्रूच्या डोक्यावर काही सेकंद टेकवा, निवू द्या, मग फिरवा. बहुतेक सुटतो. रीडखाली कागदाची किंवा चामड्याची पट्टी निघाली तर ती टाकू नका, तशीच परत जाणार आहे.

बोर्डमधलं भोकही बघा. लाकूड झिजून स्क्रू नुसता फिरत असेल तर काडेपेटीच्या काडीची बारीक सळी फेव्हिकॉल लावून भोकात बसवा आणि रात्रभर वाळू द्या. कितीतरी करकर करणाऱ्या रीड एवढ्यानंच गप्प होतात.

७. हिरवा कळंक आणि चिकट मळ

चिकट मळासाठी बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये ओला करून झटका आणि रिव्हेटकडून टोकाकडे फिरवा. कापसाचा बोळा नको, त्याचे तंतू फटीत राहतात. अल्कोहोलची बाटली पेटीपासून लांब ठेवा: पेटीवरचं लाखेचं पॉलिश त्यात विरघळतं, आणि चामड्याला लागलं तर ते कडक होतं. रीड काढल्याशिवाय हे काम करायचं नाही, ते यासाठीच.

हिरवा कळंक प्लेटवर असेल तर खोडरबरानं घासा. जिभेवर असेल तर खाली फिल्मची पट्टी देऊन, लांबीच्या दिशेनं, हलक्या हातानं. डाग पूर्ण गेलाच पाहिजे असा हट्ट नको. खरवड मोकळी झाली आणि कडा साफ झाल्या की थांबा.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, भांड्यांची पावडर हे सगळं इथं नको. आंबट पदार्थ जिभेखालच्या रिव्हेटच्या सांध्यात शिरतो, तिथून धुऊन निघत नाही आणि आतून पितळ खात राहतो. पावडर घासून पितळ नेते, म्हणजे सूर बदलतो. अमोनिया असलेलं पॉलिश तर सर्वांत वाईट. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियानं चिरा जातात, आणि वाजणारी जीभ मुळाशी कायम ताणात असते.

साफ केलेली रीड उजेडासमोर धरा. जिभेच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी, केसासारखी बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूला रेघ नाहीशी होत असेल तर जीभ सरकली आहे. रिव्हेटजवळचा भाग छोट्या चपट्या पकडीत धरून अगदी किंचित फिरवा आणि परत उजेडाला धरा. भिंगातून मुळाशी आडवी बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे, पुढचे टप्पे सोडून शेवटच्या टप्प्यावर जा.

८. जिभेची उंची

मोकळं टोक प्लेटपासून किती वर असावं यावरून वाद आहेत. सुरुवातीला मोजमाप सोपं ठेवा: जिभेच्या टोकाची जितकी जाडी, साधारण तितकंच अंतर. पण खरा मापदंड शेजारच्या निरोगी रीड. खर्जाकडे अंतर जास्त, तार सप्तकाकडे कमी होत जातं. बाजूनं बघितल्यावर सगळी टोकं एका ओळीत हळूहळू उतरताना दिसली पाहिजेत.

जीभ फार वर असेल तर हलक्या हवेला नुसतं फुस्स होतं आणि जोराचा भाता मारल्यावरच सूर सुटतो. फार खाली असेल तर हळू हवेला छान बोलते, पण जोरात मारलं की गुदमरते. दोन्ही तपासण्या पेटीत बसवूनच करा, तोंडानं फुंकून नव्हे. फुंकरीतला ओलावा पितळेवर बसतो.

उंची कमी करायला जिभेच्या मुळाकडच्या तिसऱ्या भागावर बोटाच्या नखानं हलका दाब द्या. वाढवायला खाली फिल्मची पट्टी ठेवून त्याच भागावर वरून गुळगुळीत वस्तूनं टोकाकडे ओढा. टोक धरून वर-खाली वाकवू नका. तिथं पडलेला बाक सुराचा गोडवा घालवतो.

९. परत बसवणं

रीड जागेवर ठेवा, दोन्ही स्क्रू बोटानं लावा, मग आळीपाळीनं आवळा. प्लेट हलत नाही एवढंच पुरे. जास्त आवळलं की पातळ प्लेट वाकते, फट अरुंद होते आणि साफ केलेली रीड पुन्हा करकरते. तसं झालं तर आधी स्क्रू पाव फेरा सैल करून बघा. जीभ घासायला घेणाऱ्यांपैकी अनेकांचा दोष इथंच निघतो.

बोर्डच्या कडेचं चामडं कोरड्या ब्रशनं झाडा, हुक लावा, आणि पेटी एक दिवस तशीच राहू द्या. हाताची ऊब, अल्कोहोल, ढिले केलेले स्क्रू हे सगळं स्थिरावल्याशिवाय सूर मोजण्यात अर्थ नाही.

१०. आता सूर, आणि आता कानस

वही काढा. सगळ्या पट्ट्या पुन्हा एकेका ओळीनं मोजा. बऱ्याच सुरांचा आकडा वर सरकलेला दिसेल.

इथं एक मोठी चूक होते. ट्यूनर ४४० वर (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ) असतो म्हणून लोक अख्खी पेटी ४४० ला आणायला जातात. जुनी पेटी मुळातच थोडी वर किंवा खाली लावलेली असू शकते. बहुतेक सूर दहा-बारा सेंट वर असतील तर तोच त्या पेटीचा सूर समजा, ट्यूनरचा आधार तेवढा बदला आणि फक्त फटकून असलेले सूर बाकीच्यांशी जुळवा. गायकाच्या एकाच पट्टीसाठी कानानं लावलेली पेटी असेल, म्हणजे गंधार आणि निषाद ट्यूनरपेक्षा ठरावीक प्रमाणात खाली मिळत असतील, तर ट्यूनर बाजूला ठेवा. ते बिघडलेले नाहीत. ती लावणी कुणीतरी मेहनतीनं केलेली आहे.

पाच-सात सेंटच्या फरकाला हात लावू नका. त्याहून जास्त असेल तर नियम असा: टोकाकडून पितळ काढलं की टोक हलकं होतं, सूर चढतो. मुळाकडून काढलं की जिभेचा ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. जिभेखाली फिल्मची पट्टी, बारीक कानस, लांबीच्या दिशेनं दोन-तीन हलके हात, ब्रशनं चुरा झटकायचा, रीड बसवायची, मोजायचं. आडवा ओरखडा म्हणजे भविष्यातली चीर. रिव्हेटच्या अगदी लगत कानस नेऊ नका.

घासल्यावर लगेच मोजलेला आकडा खोटा असतो, कारण हाताच्या उबेनं जीभ मऊ पडून सूर जरा खाली दिसतो. दोन मिनिटं थांबा.

खर्ज आणि नर अशा दोन ओळी असतील तर एक ओळ ट्यूनरवर पूर्ण करा. दुसरी तिच्याशी कानानं जुळवा: दोन्ही स्टॉपर उघडून पट्टी दाबली की फरक असेल तर आवाज लाटेसारखा हेलकावतो. लाट मंदावत थांबली की सूर मिळाला. दुसरी ओळ ट्यूनरवर स्वतंत्र लावलीत तर आकडे जुळतील आणि हेलकावा तरीही राहील.

एखादा सूर अर्ध्या सुराएवढा खाली असेल तर कानस ठेवा. एवढा फरक मळाचा किंवा झिजेचा नसतो.

११. रीड बदलावीच लागली तर

चिरलेल्या जिभेला डाग देऊन चालत नाही, जोडलेल्या जागी वजन आणि ताठपणा दोन्ही बदलतात. नवी आणताना जुनी रीड सोबत न्या. नुसतं “काळी दोनची द्या” म्हणून भागत नाही: ओळ कोणती, सप्तक कोणतं, प्लेटची लांबी-रुंदी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, हे सगळं जुळलं पाहिजे. गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीड दुकानांत सहज मिळतात, पण जुन्या पेटीतल्या जर्मन किंवा पॅरिस रीडशेजारी त्यांचा आवाज वेगळा उठतो. तो शेजार टाळायचा असेल तर जुन्या मोडीत निघालेल्या पेटीतली रीड मिळते का, हे पेटी दुरुस्त करणाऱ्याला विचारा. अशा सुट्या रीडचे डबे बहुतेकांकडे असतात.

नवी रीड थोडी जास्त सुराची घ्या, खालच्या सुराची नको. मुळाकडून दोन हात मारून खाली आणणं सोपं आहे. बसवल्यावर आठवडाभर रोज वाजवून मगच शेवटची लावणी करा, आणि त्याच वेळी जुन्या रीड्सचे स्क्रूही एकदा तपासा. तोवर एखाद-दुसरा नक्की सैल झालेला असतो.